वापरणाऱ्याला भाषेत स्वतःची वाक्यरचना घालू द्यावी का? (थकबाकीदारांना सूट मिळाली, म्हणून विचारतोय)

काळाचौकी_कंपायलर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी हाउसिंग सोसायट्यांची मेन्टेनन्स बिलं काढून देतो. वडील हेच काम वहीत करायचे, मी पायथनमध्ये करतो. काळाचौकी, शिवडी, लालबाग मिळून चौदा सोसायट्या. ऑफिस म्हणजे चाळीतली दहा बाय बाराची खोली, त्यात एक प्रिंटर आणि एक मी. प्रत्येक सोसायटीचं तंत्र वेगळं. कुठे पाण्याचा आकार नळांच्या संख्येवर, कुठे सरसकट. कुठे दुचाकी फुकट. एका ठिकाणी तळमजल्याला लिफ्टचे पैसे लावायचे की नाही यावर दोन आमसभा खर्ची पडल्या. आधी हे सगळं मी कोडमध्येच ठोकायचो. सभेत ठराव बदलला की मला फोन, तोही रात्री अकराला, कारण सभा तेव्हाच संपते.

म्हणून दोन वर्षांपूर्वी नियम लिहायची एक छोटी भाषा केली. मराठीतच, म्हणजे खजिनदारांनी स्वतः लिहावं आणि मला झोपू द्यावं:

    सदनिका भाड्याने असेल तर सेवाशुल्काच्या १० टक्के नॉन-ऑक्युपन्सी लाव.
    थकबाकीवर दरसाल २१ टक्के सरळव्याज लाव.
    १० तारखेच्या आत भरणा असेल तर ५ टक्के सूट दे.
    थकबाकीवर व्याज असेल तर सूट नाही.

चाललं. शिवडीच्या एका सोसायटीतल्या खजिनदार काकू (बँकेतून निवृत्त, चष्मा कायम नाकाच्या टोकावर) तर माझ्यापेक्षा बरे नियम लिहायला लागल्या. तिथेच मला हाव सुटली. काकू म्हणाल्या, "मला सुचतं ते वाक्य तुझं यंत्र घेत नाही. मग ही मराठी कसली? हा तर फॉर्म भरणं झालं." मुद्दा बिनतोड होता. मी दोन रविवार घालवून ‘वाक्य’ नावाची सोय केली. कोणीही नवीन वाक्याचा साचा द्यायचा, खाली त्याचा अर्थ जुन्या भाषेत सांगायचा, आणि पुढच्या ओळीपासून पार्सरला (म्हणजे वाक्याची फोड करून अर्थ लावणाऱ्या भागाला) ते वाक्य कळायला लागणार. काकूंनी पहिल्याच दिवशी हे घातलं:

    वाक्य: [क]वर [ख] असेल तर [कृती]
    अर्थ: [क] या जागेत [ख] ही वस्तू नोंदलेली असल्यास [कृती]

कारण त्यांच्या गच्चीवर मोबाइल कंपनीचा टॉवर आहे, टॉवरवाल्यांच्या ये-जा करण्याने वरच्या मजल्याला गळती आहे, आणि त्या मजल्याला दरमहा २०० रुपये सूट द्यायचं ठरलंय. "गच्चीवर टॉवर असेल तर वरच्या मजल्याला २०० रुपये सूट दे." काय सुंदर वाक्य! (टॉवरने आधीच माझा एक दिवस खाल्ला होता. माझा लेक्सर, म्हणजे वाक्याचे शब्द सुटे करणारा भाग, शब्दाच्या शेवटचा ‘वर’ सुटा करतो. त्याने टॉवर तोडून ‘टॉ’ नावाची वस्तू शोधायला घेतली. शॉवर, पॉवर सगळ्यांचं तेच.)

आता अपघात. माझा पार्सर पेग जातीचा आहे, म्हणजे नियम वरून खाली लावून बघतो आणि पहिला जुळला तो घेतो. नवीन साचे मी यादीत सर्वांत वर टाकत होतो, नाहीतर जुने ढोबळ नियम त्यांना गिळतात. झालं असं, की "थकबाकीवर व्याज असेल तर सूट नाही" हे दोन वर्षं गुण्यागोविंदाने नांदणारं वाक्य काकूंच्या साच्यात जाऊन बसलं. पार्सरने ‘थकबाकी’ ही जागा धरली, ‘व्याज’ ही वस्तू धरली, आणि थकबाकी नामक जागेत व्याज नामक वस्तू नोंदलेली आहे का ते मालमत्तेच्या रजिस्टरात पाहिलं. अर्थातच नव्हती. अट खोटी, म्हणून ‘सूट नाही’ लागू झालं नाही.

७२ सदनिका, ११ थकबाकीदार, अकराही जणांच्या बिलावर ठळक अक्षरात छापून आलं: १० तारखेच्या आत भरल्यास ५ टक्के सूट. एकही एरर नाही, वॉर्निंग नाही. वॉचमनने १ जुलैला बिलं वाटली. त्यातले एक गृहस्थ दीड वर्षाचे थकबाकीदार, ते भर पावसात सचिवांकडे आभार मानायला गेले. मला तिथून कळलं.

तर प्रश्न असे. ही कल्पनाच मुळात चुकली का? नवीन साचा घालताना तो जुन्या वाक्यांना खाणार आहे की नाही, हे आधी सांगणारं काही असतं का? दोन व्याकरणं द्यायची आणि ‘टक्कर आहे’ किंवा ‘टक्कर नाही’ एवढंच उत्तर हवंय. आणि मोठ्या भाषांत वापरणाऱ्यांना स्वतःची वाक्यरचना घालता येते म्हणतात, ते लोक कसं निभावतात?

---

एक्सेल_झिंदाबाद

दादा, खजिनदाराला ग्रामर लिहायला देणं म्हणजे डब्यातल्या प्रवाशाला मोटरमनच्या केबिनची चावी देणं. ड्रॉपडाउन द्या. अट, आकडा, कृती, तीन रकाने. प्रश्न मिटला.

---

काळाचौकी_कंपायलर

ड्रॉपडाउनच होता भाऊ, त्याच्यावरूनच इथवर आलोय. शेवटी अटींच्या रकान्यात ११४ पर्याय झाले होते आणि काकू त्यातला ‘इतर’ निवडून शेरा लिहायच्या. शेरा वाचणारा मीच, रात्री अकराला.

---

पवईची_पायवाट

दिवसा मी कंपायलरवरच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते वाईट आहे. तुम्ही मागताय ते टूल नाही, आणि सर्वसाधारण व्याकरणांसाठी ते होणारही नाही. एखादं कॉन्टेक्स्ट-फ्री ग्रामर (ज्यात प्रत्येक नियम आजूबाजूचे शब्द न बघता लागतो असं व्याकरण) संदिग्ध आहे की नाही, म्हणजे त्यात एकाच वाक्याचे दोन अर्थ निघतात की नाही, हे कुठल्याही ग्रामरसाठी खात्रीने सांगेल असा अल्गोरिदम असूच शकत नाही, हे १९६२ मध्ये सिद्ध झालंय. आणि दोन ग्रामरं आपापल्या घरी शहाणी असली तरी एकत्र आणल्यावर शहाणी राहतील याची हमी नाही. छोटं उदाहरण घ्या. एकाने लिहिलं, ‘वजा’ डावीकडून सोडवायचं: १० वजा ५ वजा २ म्हणजे ३. दुसऱ्याने लिहिलं, उजवीकडून: उत्तर ७. दोघांचंही व्याकरण निर्दोष. दोन्ही एका फाइलमध्ये टाका, की त्याच वाक्याला दोन उत्तरं. चूक कुणाच्या ओळीत दाखवणार? कुणाच्याच नाही. म्हणून काकूंना दोष देऊ नका, त्यांची ओळ बरोबरच होती.

तुमच्याकडे एरर आली नाही याचं कारण पेग. (ग्लासातला नव्हे, तरी परिणाम तोच.) ब्रायन फोर्ड यांनी २००४ मध्ये ही पद्धत मांडली, पायथनचा स्वतःचा पार्सरही ३.९ पासून, म्हणजे २०२० पासून, याच जातीचा आहे. पेगमध्ये पर्यायांना क्रम असतो, त्यामुळे एका वाक्याचा एकच अर्थ निघतो. लोक याला गुण म्हणतात. एकाच माणसाने किंवा एकाच टीमने अख्खं ग्रामर लिहिलं असेल तर गुणच आहे. पण जिथे चौदा सोसायट्या आपापले नियम वरून टाकणार, तिथे दुसरा अर्थ नाहीसा होत नाही, गादीखाली सरकवला जातो. तुम्ही ‘सूट’ हा पर्याय आधी आणि ‘सूट नाही’ नंतर लिहून बघा. पार्सर ‘सूट’ वाचून समाधानी होईल आणि ‘नाही’ला बाहेर उभं करेल.

आता बाकीचे कसं निभावतात. ही हौस जुनी आहे. १९६९ आणि १९७१ मध्ये तर वाढवता येणाऱ्या भाषांवर खास परिसंवाद भरले होते, मग तो उत्साह ओसरला. जे टिकले त्या प्रत्येकाने कुठेतरी कुंपण घातलंय. लिस्पमध्ये मॅक्रो (कोडचा एक तुकडा दुसऱ्यात बदलून देणारे साचे) १९६३ पासून आहेत, पण तिथे सगळं आधीच कंसात असतं. पार्सर जागचा हलत नाही, मॅक्रो कंसांची झाडं नंतर बदलतो. तुमच्या काकू कंसात लिहिणार नाहीत, म्हणून तो रस्ता बंद. प्रोलॉगमध्ये स्वतःचा ऑपरेटर (अधिक, वजासारखं चिन्ह) घोषित करता येतो, पण त्याला १ ते १२०० मधला अग्रक्रम द्यावा लागतो आणि तो डावीकडचा की उजवीकडचा ते सांगावं लागतं. अधिक ५०० वर, गुणिले ४०० वर, लहान आकडा जास्त घट्ट, म्हणजे ते आधी सोडवायचं. हास्केलमध्ये हेच ० ते ९, आणि तिथे मोठा आकडा जास्त घट्ट. (दोन्ही भाषा एकाच आठवड्यात शिकवणाऱ्या माझ्या प्राध्यापकांना अजून माफ केलेलं नाही.)

तुम्हाला उपयोगी पडतील अशा दोन भाषा आहेत. पहिली रस्ट. तिच्या मॅक्रोच्या साच्यात जिथे ‘कोणतंही एक्स्प्रेशन’ (ज्याचं काही उत्तर निघतं असा कोडचा तुकडा) असा रिकामा स्लॉट ठेवाल, त्याच्या लगेच पुढे फक्त तीनच गोष्टी चालतात: स्वल्पविराम, अर्धविराम किंवा जाडा बाण (=>). दुसरं काही लिहिलंत तर साचाच नामंजूर, वापरायच्या आधीच. उद्या मूळ भाषेत एक्स्प्रेशनच्या नव्या तऱ्हा आल्या तरी लोकांचे जुने मॅक्रो मोडू नयेत म्हणून हा नियम. तुम्हीही असंच करा: रिकाम्या जागेला लागून दुसरी रिकामी जागा नको, मध्ये ठरलेला शब्द किंवा प्रत्यय हवाच, आणि [कृती] फक्त पूर्णविरामाआधी.

दुसरी लीन. तिच्या चौथ्या आवृत्तीत वाक्यरचनेची घोषणा केली की पुढच्या ओळीपासून पार्सर बदलतो, अगदी तुम्ही केलंय तसं. तिथे सर्वांत लांब जुळणारा नियम जिंकतो, आणि दोन नियम सारख्याच लांबीचे जुळले तर पार्सर दोन्ही अर्थ पुढे पाठवतो. पुढचा टप्पा प्रकार तपासतो. एकच अर्थ प्रकारात बसला तर तो घेतो, दोन्ही बसले तर थांबून सांगतो की संदिग्ध आहे. तुमच्या अपघाताचं औषध इथेच आहे. थकबाकी ही जागा नाही! [क]च्या शेजारी ‘जागा’ असा प्रकार लिहिला असता तर काकूंचा साचा त्या वाक्याला शिवलाही नसता.

पार्सर मात्र बदला. अर्ली यांची पद्धत घ्या (१९७० चा पेपर). कुठलंही कॉन्टेक्स्ट-फ्री ग्रामर चालतं आणि सगळे अर्थ हातात मिळतात. वेळ वाईटात वाईट म्हणजे वाक्याच्या लांबीच्या घनाच्या पटीत, पण तुमचं वाक्य पंधरा शब्दांचं, काय फरक पडतो. पायथनमध्ये लार्क नावाची लायब्ररी आहे, तिच्यात अर्ली हाच डिफॉल्ट आहे. ‘अँबिग्विटी’ या पर्यायाला ‘एक्सप्लिसिट’ द्या, म्हणजे ती स्वतः एक अर्थ निवडून मोकळी होणार नाही, दोन्ही झाडं, म्हणजे दोन्ही अर्थांची फोड, परत देईल.

सगळ्या व्याकरणाची हमी मिळत नाही, पण समोरच्या वाक्याची मिळते. तुमच्याकडे लिहिलेली वाक्यं किती, हजारभर? नवीन साचा आला की ती सगळी पुन्हा चालवा, आणि ज्याचा अर्थ बदलला किंवा ज्याला दुसरा अर्थ फुटला ते दाखवा.

---

अर्धा_र

वरचं सगळं करशीलच, पण त्याआधी लेक्सरकडे बघ रे. टॉवरचा ‘टॉ’ वाचून मी हसलो नाही, कारण मी त्यातून गेलोय.

पायथनच्या नेहमीच्या रेगेक्समध्ये (मजकुरात साचे शोधायची सोय) ‘शब्दातलं अक्षर’ असा जो बॅकस्लॅश-डब्ल्यू असतो, त्याला मात्रा अक्षर वाटत नाहीत. ‘थकबाकी’ दिलंस तर ‘थकब’ आणि ‘क’ असे दोन तुकडे हातात येतात, काना आणि वेलांटी रस्त्यात पडतात. गंमत म्हणजे त्याच पायथनमध्ये व्हेरिएबलचं नाव ‘थकबाकी’ ठेवलं तर तक्रार नाही. आकड्यांचं उलट, तिथे पायथन सज्जन आहे: देवनागरी २१ दिलेस तर पूर्णांकात मुकाट्याने बदलून देतो. जावास्क्रिप्टला तेच २१ आकडा वाटत नाहीत.

दुसरा खड्डा ‘दुसऱ्या मजल्याला’. यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ऱ हे वेगळं अक्षर, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखे, मशीनला दोन वेगळे शब्द. नेहमीचं युनिकोड नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या नोंदी एकसारख्या करणं) चालवलं तरी ते एक होत नाहीत, जोडक तसाच राहतो. काकू फोनवर टाइप करतात की संगणकावर? दोन्हीकडे करत असतील तर तुझ्या रजिस्टरात दोन दुसरे मजले असतील. लेक्सरच्या दारातच एकाचं दुसऱ्यात रूपांतर करून टाक.

आणि ‘वर’ कापणं सोड. मराठीत प्रत्यय मूळ शब्दाला लागत नाही, सामान्यरूपाला लागतो. सदनिका पण सदनिकेवर, गाळा पण गाळ्यावर, पाणी पण पाण्यावर. शेपूट कापून ‘गाळ्या’ उरतो, तो तुझ्या यादीत कुठून असणार? नाम घोषित करतानाच दोन्ही रूपं लिहून घे. यादीतल्या सामान्यरूपाला ‘वर’ लागलेला असेल तरच तो सुटा कर. टॉवर आपोआप वाचेल.

---

काळाचौकी_कंपायलर

@अर्धा_र आत्ता रजिस्टर उघडून पाहिलं. दोन दुसरे मजले आहेत. एकावर ८ सदनिका, एकावर ४. मी गेले सहा महिने त्या चौघांची लिफ्टची वर्गणी हाताने दुरुस्त करत होतो आणि प्रिंटरला शिव्या घालत होतो.

@पवईची_पायवाट ताई, लार्क लावतो. पण एक शंका. दोन्ही अर्थ प्रकारातही बसले तर? कुठल्या तरी एकाला जिंकवायलाच लागेल ना? शेवटी लिहिलेला जिंकतो, असं ठेवू का?

---

माहीमचा_निवृत्त

मी फोर्टमधल्या एका कचेरीत कोबोल लिहीत निवृत्त झालो, त्यामुळे तुमचं लार्क-बिर्क मला ठाऊक नाही. पण ‘शेवटी लिहिलेला जिंकतो’ हे वाचलं आणि राहवलं नाही. हा प्रश्न पाणिनीला पडला होता. अष्टाध्यायीत सुमारे ४००० सूत्रं, आणि एकाच ठिकाणी दोन सूत्रं लागू पडली तर काय करायचं हेही एका सूत्रातच सांगितलेलं आहे: ‘विप्रतिषेधे परं कार्यम्’, पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादातलं दुसरं. विरोध आला तर नंतरचं सूत्र लावा. म्हणजे तुम्ही म्हणता तेच.

पण थांबा. परंपरेने हे फक्त तुल्यबळ सूत्रांपुरतं मानलं आहे. एक सूत्र सामान्य आणि दुसरं त्याचा अपवाद असेल, तर अपवाद कुठेही लिहिलेला असो, तोच बलवान. आणि नंतरचं म्हणजे कुठलं? सगळा क्रम एकाच माणसाने लावला होता, त्याला माहीत होतं कुठलं सूत्र कुठे बसवलं की काय होईल. तुमच्याकडे क्रम कोण लावणार? ज्या खजिनदारांनी शेवटी फाइल सेव्ह केली त्या?

(१९६७ मध्ये इंगरमन नावाच्या गृहस्थांनी एका संगणकशास्त्राच्या मासिकाला पत्र लिहून सुचवलं होतं की बॅकस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्याकरणाच्या लेखनपद्धतीला पाणिनीचंही नाव जोडावं. तसं झालं नाही. आमच्या कट्ट्यावर हे मी दर सहा महिन्यांनी सांगतो.)

---

पवईची_पायवाट

काकांनी माझं काम केलं. ‘नंतरचा जिंकतो’ म्हणजे तुमचा जुलैचाच अपघात, फक्त अधिकृत झालेला. अपवादाचा नियम मात्र घेण्यासारखा आहे: [क] जागा आहे आणि दुसऱ्या साच्यात त्याच जागी नेमका ‘गच्ची’ हा शब्द आहे, तर गच्चीवाला जिंकू दे. हे मशीनला ठरवता येतं आणि माणसालाही पटतं. त्यापलीकडे कुणालाच जिंकवू नका. थांबा आणि विचारा. बिलाचं काम आहे, महिन्यातून एकदा चालतं. विचारायला वेळ आहे.

विचारताना ‘नियम १७ आणि नियम २३ यांत संघर्ष’ असं छापू नका, कळकळीची विनंती. काकूंना त्यांचंच वाक्य दाखवा, दोन वेगळ्या शब्दांत उलगडून. आणि जमलं तर प्रत्येक अर्थाने किती बिलं बदलतील तेही.

आणखी एक. एका सोसायटीचे साचे दुसरीच्या फाइलला दिसू देऊ नका. आता दिसतात का?

---

काळाचौकी_कंपायलर

दिसत होते. चौदाही सोसायट्यांचं एकच ग्रामर होतं. लिहायला लाज वाटतेय. शिवडीच्या काकूंच्या टॉवरमुळे लालबागच्या थकबाकीदारांना सूट मिळाली नाही, ती केवळ लालबागची बिलं त्या दिवशी आधी छापून झाली होती म्हणून.

---

काळाचौकी_कंपायलर

तीन आठवड्यांनी परत आलोय. ज्यांनी खाजगीत ‘पुढे काय झालं’ विचारलं त्यांच्यासाठी.

लार्कवर गेलो. साचे आता असे लिहायचे:

    नाम: गच्ची, सामान्यरूप: गच्ची, प्रकार: जागा
    नाम: गाळा, सामान्यरूप: गाळ्या, प्रकार: जागा
    वाक्य: [क: जागा]वर [ख: वस्तू] असेल तर [कृती].

प्रत्येक सोसायटीचे साचे तिच्याच फाइलपुरते. जोडक असलेला अर्धा र दारातच बदलतो. सगळी बिलं आधी डोळ्याची पापणी लवायच्या आत व्हायची, आता चार-पाच सेकंद लागतात. तेवढ्यात मी प्रिंटरात कागद भरतो. जुनी सगळी वाक्यं पुन्हा चालवली तेव्हा अकरा ठिकाणी दोन अर्थ निघाले. त्यातली आठ माझी स्वतःची, पहिल्या वर्षी लिहिलेली. पेग दोन वर्षं त्यातला एक अर्थ निवडून गप्प बसला होता. बरीचशी ‘नाहीतर’ची: दोन ‘तर’ एका वाक्यात आले की शेवटचं ‘नाहीतर’ कुणाचं, हा घोळ. तिथे मी सरळ कुंपण घातलं, एका वाक्यात एकच ‘तर’.

राहिलं काकूंचं एक वाक्य, ते मात्र प्रकारांनीही सुटेना:

    थकबाकी असलेल्या गाळ्यांना आणि भाड्याच्या सदनिकांना सूट नाही.

ताईंनी सांगितलं तसं दोन अर्थ उलगडून पडद्यावर आणले:

    पहिला: गाळे, थकबाकी असेल तरच, सूट नाही. भाड्याच्या सदनिका, सगळ्याच, सूट नाही. (१९ बिलं)
    दुसरा: गाळे, थकबाकी असेल तरच, सूट नाही. भाड्याच्या सदनिका, थकबाकी असेल तरच, सूट नाही. (६ बिलं)
    कोणता? १ / २

रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेलो. काकूंनी चष्मा वर सरकवून दोनदा वाचलं, एका दमात म्हणाल्या, "दुसरा. भाडेकरू वेळेवर भरतो त्याची सूट कशाला काढू?" मी २ दाबणार, तेवढ्यात सचिव पोह्यांच्या वासावर आले (त्यांचं दार समोरच आहे) आणि मागून म्हणाले, "पहिला. भाड्याने देणारे इथे राहतच नाहीत, त्यांना सूट द्यायची नाही असंच ठरलंय."

इतिवृत्ताची वही निघाली. ठराव मार्चचा, सूचक-अनुमोदक, सर्वानुमते मंजूर, आणि मजकूर शब्दशः हाच: थकबाकी असलेल्या गाळ्यांना आणि भाड्याच्या सदनिकांना सूट नाही. ठराव लिहिला सचिवांनी, फाइलमध्ये उतरवला काकूंनी, आणि चार महिने दोघंही समजत होते की आपलं एकमत आहे. जुन्या पार्सरने सचिवांचा अर्थ धरला होता, म्हणजे वेळेवर भरणाऱ्या १३ जणांची सूट गेले चार महिने कापली जात होती. ते तेरा जण परदेशात नाहीतर पुण्यात असतात, त्यामुळे कुणी बोललं नाही.

चाळीस मिनिटं वाद झाला. पोहे दोनदा गरम केले. मी लॅपटॉप मिटून ऐकत बसलो, कारण आता ही टक्कर माझ्या ग्रामरमधली नव्हती.

सध्या हा विषय पुढच्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत क्रमांक ४ वर आहे. तोवर काय छापायचं, तर मी तिसरा पर्याय घातलाय: ‘ठरलेलं नाही’. तो निवडला की दोन्ही अर्थांत ज्यांची सूट जाते त्या ६ बिलांवरच सूट कापली जाते, बाकी १३ बिलांवर तळाला एक ओळ येते की सूट सभेच्या निर्णयाच्या अधीन. ती ओळ काकूंनी सांगितली, सचिवांनी त्यात एक स्वल्पविराम बदलला.

---

अर्धा_र

स्वल्पविराम कुठला बदलला ते बघून ठेव.